रममध्ये बुडवलेली दाढ

३ फेब्रुवारी, मंगळवार

दाढ गेली एकदाची! डावीकडची, खालची. चांदी भरून छत्तीस वर्षं वापरली, शेवटी हिरडीनेच हात टेकले. डॉक्टरीणबाईंनी कापसात गुंडाळून हातात दिली, म्हणाल्या, "आठवण म्हणून ठेवा." मी खुर्चीतून उठतोय न उठतोय तोच हिने विचारलंच — "डॉक्टर, चांदीत पारा असतो ना? आणि दारूची त्याच्यावर रिअ‍ॅक्शन होते ना?" फोनवर कुठेतरी वाचलंय. पंधरा दिवस कान किटवलेत माझे.

बाई हसल्या. पारा असतो, पण चांदी-कथलाशी घट्ट बांधलेला असतो, पेल्यातल्या दारूने तो सुटत नाही म्हणाल्या. मी हिच्याकडे असं काही बघितलंय! तेवढ्यात बाईंनी मलाच विचारलं, "किती घेता?"

"दोन."

"दाढेला काही होणार नाही. दाढेच्या मालकाचं मी सांगू शकत नाही."

दातांच्या डॉक्टरांनी दातांपुरतं बोलावं! आज घेऊ नका म्हणाल्या होत्या. दोनच घेतले.

४ फेब्रुवारी, बुधवार

हिचं समाधान नाही. "त्या तुमच्याच बाजूच्या." तोंडात अजून तीन चांदीच्या दाढा आहेत, त्या मला आतून विष पाजतायत म्हणे. मग मीही पेटलो. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकोणतीस वर्षं काढली, ती काय नुसत्या परीक्षानळ्या विसळायला? पैज लावली. काचेच्या बरणीत शंभर मिली रम, त्यात ती दाढ, वजन करून. तीस दिवस. दाढेत किंवा रममध्ये जरा जरी फरक पडला, तर मी सोडणार. नाही पडला, तर हा विषय या घरात कायमचा बंद!

ही लगेच "कबूल" म्हणाली. इतक्या पटकन ही कधीच कशाला कबूल होत नाही.

धाकटा कोपऱ्यात बसून ऐकत होता. माझा धाकटा भाऊ. अकरा महिन्यांपूर्वी पिणं सोडलं, तेव्हापासून आमच्याकडेच राहतो. म्हणाला, "दादा, रम वाया चालली." सगळे हसलो. त्याच्या तोंडून असं ऐकायचं म्हणजे!

संध्याकाळी दोन.

५ फेब्रुवारी

दाढ बघितली. बुडाशी मजेत पडून आहे. हेवा वाटला.

७ फेब्रुवारी, शनिवार

रम पंच्याण्णव मिली. पाच गेली! ही टाळ्या पिटायचीच बाकी होती. "बघा! पाऱ्याने ओढली!" मी शांतपणे बाष्पीभवन समजावून सांगितलं. झाकण सैल आहे, रम उडणारच. मेणबत्ती वितळवून झाकणाभोवती मेण ओतलं. आता काय उडेल ते बघू.

दोन घेतले.

११ फेब्रुवारी, बुधवार

अठ्ठ्याऐंशी. मेण जसंच्या तसं! हिने नुसत्या भुवया उडवल्या.

मेण फोडून दाढ काढली, टिपून, वाळवून कॉलेजात नेली आणि वजन केलं. दोन ग्रॅम एकतीस — पहिल्या दिवशी होतं तेवढंच. मग सात मिली रम गेली कुठे? आकाशात? चिमट्यातून दाढ दोनदा निसटली, दुसऱ्यांदा तर सरळ मुख्याध्यापिकाबाईंसारख्या चेहऱ्याच्या आमच्या विभागप्रमुखांच्या बुटाजवळ. हात हल्ली जरा थरथरतो. चष्म्याचा नंबर बदलला असणार.

घरी येऊन पुन्हा मेण लावलं. डोकं चालेना म्हणून दोन.

१६ फेब्रुवारी, सोमवार

शहात्तर! खरं वाटेना म्हणून तीनदा मोजली. डॉक्टरीणबाई चुकल्या की काय? जगातली सगळी पुस्तकं चुकली की काय? आणि पैज हरलो तर... संध्याकाळी घरी यायचं ते कशासाठी? नुसता विचार केला तरी घशाला कोरड पडली.

दोन.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

अडुसष्ट. आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला — धाकटा! एके काळी बाटली उघडून, त्यात चहाचं पाणी भरून, पुन्हा सील करण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. मेणाचं काय घेऊन बसलात!

दर शुक्रवारी तो त्याच्यासारख्या सोडलेल्यांच्या बैठकीला जातो. तिथून आला तसा दारातच गाठला. नको ते बोललो. "अकरा महिने आम्हाला बनवतोयस. दाढ बुडवलेली रमसुद्धा सोडली नाहीस?" तो माझ्याकडे बघत राहिला. मग हिच्याकडे बघितलं. "नाही दादा," एवढंच म्हणाला आणि खोलीत गेला. जेवला नाही.

हीसुद्धा जेवली नाही. हिला काय झालं?

२१ फेब्रुवारी

घरात कोणी कोणाशी बोलत नाही. मला वाईट वाटतंय. चोर असला तरी भाऊ आहे. दोन घेतल्यावर जरा बरं वाटलं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी कॉलेजात वीज गेली, लवकर घरी आलो. स्वयंपाकघरात ही गॅसपाशी उभी. एका हातात चमचा, चमच्यात वितळलेलं मेण. ओट्यावर माझी बरणी उघडी. मोरीत रमचा वास!

आधी हसूच आलं. मी सुटलो! पारा निर्दोष, रसायनशास्त्र निर्दोष, पैज माझी! ओरडलोसुद्धा — "लबाड!" ही घाबरली नाही. गॅस बंद केला. म्हणाली, "तीन वर्षं सांगतेय. रडून सांगितलं, भांडून सांगितलं. तुम्हाला पटत नाही. म्हटलं, तुमच्याच भाषेत सांगून बघावं."

"आणि धाकट्यावर आळ आला तेव्हा?"

तेव्हा मात्र रडली.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

धाकट्याची माफी मागितली. त्याला सगळं माहीत होतं! तिसऱ्याच दिवशी त्याने वहिनीला मोरीपाशी पाहिलं होतं. "मग बोलला का नाहीस?" म्हटलं. तर म्हणाला, "माझ्यावर आळ यायची मला सवय आहे. वहिनीचा डाव लागला असता तर तू सुटला असतास."

सुटलो असतो? मी? कशातून? मी काय त्याच्यासारखा रस्त्यात पडत होतो? दोन घेतो मी, दोन! चांगलाच तापलो.

तर ही म्हणाली, "अहो, बरणीचं सोडा. पैज लागली त्या दिवसापासून मी तुमच्या रिकाम्या बाटल्या भंगारात दिल्या नाहीत. गॅलरीत पोत्यात आहेत. तुम्ही मोजमापातले ना? मोजा."

नंतर बघू म्हटलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

मोजल्या. तीन असतील वाटलं होतं, फार तर चार. अकरा निघाल्या. तेवीस दिवसांत. पुन्हा मोजल्या, एकेक बाहेर काढून फरशीवर रांगेत लावून. अकराच.

मग ही वही मागे चाळली. प्रत्येक ठिकाणी माझ्याच अक्षरात 'दोन'. मुद्दाम खोटं लिहिलं नाही, एवढं खरं. लिहिताना खरंच दोन वाटत होते. त्याचीच भीती वाटली.

धाकटा बैठकीला निघाला होता. त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. शेवटी म्हटलं, "मलाही ने."

तो म्हणाला, "चप्पल घाल."