साडूचा स्फटिक

४ जानेवारी
संकल्प : साडूच्या प्रयोगशाळेत डोकावायचं नाही. माझं अणुघड्याळ मला, त्याचा स्फटिक त्याला. तळघरातली शांत खोली कोणाच्या घड्याळाला द्यायची, ते संस्थेच्या प्रमुखबाई जूनमध्ये ठरवणार. मला चिंता नाही.

५ जानेवारी
डोकावलो. दार उघडंच होतं.
नखाएवढा स्फटिक. आत थोरियम. लेझरची वारंवारता नेमकी जुळली की थोरियमचं अणुकेंद्रक जागं होतं आणि मंद उजेड सोडत पुन्हा निजतं. त्या वारंवारतेवर म्हणे घड्याळ लावायचं, माझ्याहून अचूक. माझं घड्याळ विश्वाच्या वयात एखादा सेकंद चुकतं. याला एवढी कसली घाई?

१९ जानेवारी
सासूबाईंचा फोन. धाकटे जावई काहीतरी मोठं शोधताहेत ना, विचारत होत्या. माझी चौकशी : गुडघा कसा आहे.
बायको म्हणाली, जेवताना तरी तोंड पाडू नका.

२ फेब्रुवारी
साडूला अजून उजेड सापडलेला नाही. फार वाईट वाटलं. बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला.

११ फेब्रुवारी
साडू रजेवर. विज्ञानाच्या हितासाठी त्याच्या कपाटातला एक स्फटिक घेतला. चोरी कसली, घरातलीच वस्तू. त्याच्याच लेझरखाली ठेवला. थोडा वेळ लेझर मारला. मग लेझर बंद, उजेड टिपणारा डिटेक्टर चालू.
उजेड! हळूहळू विझणारा!
वारंवारता बदलून पुन्हा बघायला हवं होतं. पण सापडलेली वस्तू परत कशाला शोधायची?
तळघरात माझी खुर्ची कुठे ठेवायची ते ठरवलं.

१३ फेब्रुवारी
बैठकीत सगळ्यांदेखत जाहीर केलं. साडूने विचारलं, दादा, वारंवारता बदलल्यावर उजेड गेला का? मी म्हटलं, जळू नका.
मग त्याने विचारलं, स्फटिक कुठल्या कप्प्यातला? मी सांगितलं, खालच्या.
त्याने चष्मा काढून पुसला. खालच्या कप्प्यातल्या स्फटिकांत थोरियम नाहीच. ते कोरे, तुलनेसाठी ठेवलेले. अतिनील लेझर पडला की तेही थोडा वेळ चमकतात, वारंवारता कुठलीही असो.
प्रमुखबाई खिडकीबाहेर बघत बसल्या. बाहेर भिंत आहे.

६ जून
त्याला उजेड सापडला. वारंवारता बदलली की जाणारा, खरा. तळघर त्याला.
पण ती वारंवारता मोजायला भरवशाचं घड्याळ लागतं. माझ्या खोलीतून तळघरापर्यंत केबल टाकली. शेवटी माझ्यावाचून अडलंच ना!
माझ्या घड्याळावर पाटी लागली : ‘तुलनेसाठी. बंद करू नये.’
पाटी साडूने लिहिली. अक्षरही चांगलं आहे मेल्याचं.