पहिली चार अक्षरं

४ नोव्हेंबर, मंगळवार

आस्ता टेस्ट्रुप, वय त्र्याऐंशी, होब्रो गावात एकट्या राहतात. शुक्रवारी सकाळी स्वयंपाकघरात पडल्या. शनिवारी मदतनीस बाई आल्या तेव्हा सापडल्या – खुब्याचं हाड मोडलेलं, मनगटावर आमच्याच कंपनीचं मदतीचं बटण. त्या म्हणतात, चार वेळा दाबलं. आमच्या यादीत एकदाही नोंद नाही.

साहेबांनी, म्हणजे तॉरकिलने, पत्र तयारच ठेवलंय : बटण दाबल्याचं आढळत नाही. सही माझी हवी, कारण प्रोग्राम माझा.

नाही केली. दोन दिवस मागून घेतले.

५ नोव्हेंबर

त्यांचं बटण मागवून घेतलं, माझ्या नावावर चढवलं आणि वीस वेळा दाबलं. वीसही वेळा नोंद झाली. बटणात खोट नाही.

दुपारी त्यांच्या मुलीचा, योनाचा, फोन. मला वाटलं भांडेल. तर उलट माफीच मागायला लागली – आईमुळे तुम्हाला त्रास. तुमच्या यादीत नोंद नाही म्हणजे आई हल्ली विसरतेच, वृद्धाश्रमात जागा बघितलीय, घर विकायला काढतेय म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं.

६ नोव्हेंबर

सापडलं.

संदेश माझ्या प्रोग्रामपर्यंत येण्याआधी जिथे उतरतात तिथली कच्ची नोंद काढली. शुक्रवार, ७.५२. ७.५३. ८.१०. ११.४०. चारही वेळा TESTRUP ASTA. म्हणजे पोचलं होतं!

मग माझाच जुना कोड उघडला. अकरा वर्षांपूर्वीची ओळ. तेव्हा बटणं बसवणारी माणसं TEST 1, TEST 2 अशा नावांनी चाचणीचे संदेश पाठवायची आणि फोनवर बसणाऱ्या बायका वैतागायच्या. म्हणून मी लिहिलं : ज्या संदेशाची सुरुवात TEST ने होते, तो टाकून द्या. फक्त सुरुवात बघायची. पाचवं अक्षर काय आहे, ते बघायला सांगितलंच नाही मी. तेव्हाही शुक्रवारच होता, बाहेर सगळे केक कापायला थांबले होते, हे मात्र लख्ख आठवतंय.

७ नोव्हेंबर

तॉरकिलला दाखवलं. त्याने दोनदा वाचलं.

म्हणाला, "दुरुस्त कर. गाजावाजा नको. पत्रात तांत्रिक अडचण म्हणू."

"ती मुलगी आईचं घर विकायला निघालीय, तॉरकिल. आई विसरते, हे तिला आपल्या यादीवरून पटलंय."

 वकिलांना विचारायला हवं, म्हणाला. विचार म्हटलं, पण मी उद्या हॉस्पिटलात जाणार आहे.

संध्याकाळपर्यंत ओळ काढून टाकली. आता चाचणीच्या संदेशाला वेगळी खूण. नावाच्या सुरुवातीवरून काहीच ठरत नाही. TEST ने सुरू होणारी, सुचतील तितकी नावं घालून पाहिली. सगळी पोचली.

८ नोव्हेंबर

योना पलंगाशी विणत बसली होती. मी उभ्यानेच सांगितलं सगळं. गाडीत पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही.

आस्ताबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्याकडे न बघता मुलीला म्हणाल्या, "चार वेळा. ऐकलंस ना?"

योनाने विणकाम खाली ठेवलं. आईचा हात धरला आणि रडायला लागली.

थोड्या वेळाने आस्ताबाई माझ्याकडे वळल्या. "म्हणजे माझी हाक कुणाला गेलीच नाही?"

"आली होती. मीच टाकून दिली."

त्यांनी थर्मासकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "थर्मासमध्ये कॉफी आहे, घे. आणि आत्ता बोललीस ते सगळं कागदावर लिही. तुझ्या नावानिशी."

तिथेच बसून लिहिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, एक चुकलेलं अक्षर दाखवलं, आणि कागद उशीखाली ठेवला. घर विकायचं नाही असं योना निघताना म्हणाली.

१० नोव्हेंबर, सोमवार

अकरा वर्षांच्या कच्च्या नोंदी सकाळी सातपासून चाळल्या. फेब्रुवारी २०१९ : टेस्ट्रुप, योहानेस. आडनाव तेच, गाव दुसरं. सहा वेळा. त्याच्या खात्यावर चार दिवसांनंतरचा शेरा – ग्राहक मयत, बटण परत आलं, वापरल्याची नोंद नाही.

त्याची बायको अजून त्याच पत्त्यावर राहते. नऊ वाजता फोन करणार आहे.