पगारवाढीचं गाऱ्हाणं

लालबाग, मुंबई
१२ ऑगस्ट १९६४

तीर्थरूप आयेस, सगुणाचा इथून थेट तुझ्या पायांपर्यंत पोचेल एवढा लांब नमस्कार.

देवळात नारळ ठेवून तू घातलेलं गाऱ्हाणं देवाने ऐकलं. महागाई भत्ता सात रुपयांनी वाढला. मी खोलीतल्या सगळ्यांना पेढे वाटले.

पेढा तोंडात असतानाच खानावळीच्या यमुनाबाईंनी महिन्याचे आठ रुपये वाढवले. म्हणाल्या, "नारळ केवढ्याक झालो बघलंस? माशांचा सार काय खाऱ्या पाण्यात करू?" तू काळजी करू नको, पोटभर जेवतो. सारातला मासा शोधताना व्यायामही होतो.

आणि हे नारळ विकतो कोण? आपला बाबली! मुंबईच्या तिकिटासाठी माझ्या वाटणीचे पाच माड मी या धाकट्या भावाला देऊन टाकले. वर "माडार चढान खंय कोण मोठो झालो?" असं हिणवलंही. आता ते माड नुसते उभे राहून श्रीमंत होतात. मी दिवसभर गिरणीत मागावर उभा राहतो, तर माझे फक्त पाय दुखतात.

त्याने रेडिओ घेतला म्हणे? तुझा गुडघा कसा आहे?

पुढच्या गाऱ्हाण्यात पगाराचं नाव काढू नको. नारळ स्वस्त होऊ दे, एवढंच माग. पण सगळ्यांनी होकार भरल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही, आणि तुला माझी पत्रं वाचून दाखवतो तो बाबलीच.

तेव्हा बाबल्या, इथवर वाचलंच आहेस, तर आयेसमोर मोठ्याने म्हण बघू: "होय म्हाराजा!"

तुमचाच,
सगुण