तिरक्या भिंतींचं कारण

दादा,

बाबांना माझ्या घरी नेतेय. त्यांच्या गोळ्या आणि चष्मा घेतलाय. फ्रिजमधलं दूध आज संपव.

सकाळी तुझ्या नव्या घराच्या प्लॉटवर गेले होते. गवंडी म्हणाले, "ताई, साहेबांनी भिंती सरळ करायला सांगितल्यात. बाबांच्या खोलीच्या जागी आता गाडी लागणार."

जागा चिंचोळी, त्यात बाबांची व्हीलचेअर वळावी म्हणून नकाशात मी भिंती तिरक्या काढल्या होत्या. तुला ते माहीत होतं, तरी चारचौघांत तू त्या भिंतींना माझी हौस म्हणून हसत राहिलास.

बाबांना मी काही बोलले नाही. निघताना त्यांनी विचारलं, "खोली झाली की दादा न्यायला येईल ना गं?" मी हो म्हटलं. खरं काय ते आता तूच येऊन सांग.

धाकटी