सहा व्होल्टांची मानहानी

मुक्काम : अमरावती व अकोला यांच्या दरम्यान
रविवार, सकाळचा चहा झाल्यावर

आदरणीय महादेवराव यांच्या सेवेशी,

आपल्या भगिनीचा पती त्र्यंबक याचा सादर, सविनय आणि यथाशक्ती सक्रोध नमस्कार. इकडील सर्व क्षेम आहे. म्हणजे प्रकृतीपुरते आहे, अंतःकरणाचे विचारू नये. आपला गुडघा कसा आहे? वहिनींची कंबर? आणि आपला रक्तदाब, जो मी तोंड उघडण्यापूर्वीच वर चढतो, तो तूर्त कोणत्या पातळीवर आहे? तो मोजून, गोळी घेऊन, पाठीशी लोड ठेवूनच पुढील मजकूर वाचावा. हल्लीच्या काळात हस्तलिखित पत्र कशासाठी, असे आपण म्हणाल. कौटुंबिक स्वाभिमानाचे विषय भ्रमणध्वनीवर बोलणे मला अप्रशस्त वाटते. (अन्यही एक कारण आहे, ते गौण आहे.)

विषय आपणांस ठाऊक आहे. आमची मोटार सौदामिनी ही मूर्तिजापूर मार्गावरील ढाबाचालक शालिकराम यास देऊन टाकावी, असा ठराव आपण आणि वच्छला (आपली कनिष्ठ भगिनी व माझी ज्येष्ठ टीकाकार) या दोघांनी माझ्या अनुपस्थितीत संमत केला. आज दुपारी आपल्या घरी जेवणाच्या निमित्ताने शालिकरामास बोलावून त्यावर शिक्कामोर्तब करण्याचा आपला मानस आहे. त्या गृहस्थाची योजना आपण ऐकली आहे काय? तो तिची चाके काढून तिला चबुतऱ्यावर बसवणार. मागच्या आसनावर गिऱ्हाइकांना बसवून छायाचित्रे काढू देणार. आणि इंजिन काढून त्या जागी, महादेवराव, लेखणी थरथरते, त्या जागी तंदूरची भट्टी मांडणार! जे बॉनेट उघडताना माझे तीर्थरूप पायातील वहाणा काढून ठेवीत, ते बॉनेट उघडून एखादा आचारी तेथून रोट्या उपसणार! हा प्रस्ताव ज्या मनाला सुचला त्या मनाची मला कीव येते. ज्या मनाला तो पटला त्याविषयी, ते मन वयाने वडील असल्यामुळे, मी मौन पाळतो.

आता आरोपाकडे वळतो. आपली कन्या चि. सौ. पौर्णिमा हिच्या विवाहात सौदामिनी ऐन वेळी बंद पडली, नवरदेवास खाली उतरावे लागले, मुहूर्त टळला, आणि व्याह्यांसमोर आपली मान खाली गेली, असे आपण सांगत फिरता. घटना खरी आहे. तिचा अन्वयार्थ मात्र सर्वस्वी विपरीत आहे, आणि तो दुरुस्त करणे हे माझे परम कर्तव्य आहे.

प्रथम शास्त्र समजून घ्यावे. तीर्थरूपांनी धामणगाव रेल्वेच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याकडून ही विलायती गाडी घेतली, तेव्हापासून तिची वीजयंत्रणा सहा व्होल्टांची आहे. आजच्या मोटारींना बारा लागतात, कारण त्यांना गाणी ऐकायची असतात, थंड हवा खायची असते, काचा बोटाने वर न्यायच्या असतात. सौदामिनीच्या गरजा दोन दिवे, एक भोंगा आणि एक ठिणगी इतक्याच आहेत. दुसरे वैशिष्ट्य असे की, इतर गाड्यांत बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या लोखंडी अंगास जोडलेले असते. हिच्यात धन टोक जोडलेले आहे. सारे जग ज्या दिशेने जाते तिच्या नेमके उलट जाण्याचा हा बाणा मला विवाहानंतर विशेष परिचयाचा झाला. या यंत्रणेची मी जी शुश्रूषा करतो ती आपल्या भगिनीस विचारावी. दर सोमवारी बॅटरीच्या प्रत्येक घरातील पाण्याची पातळी पाहणे, उणे असल्यास शुद्ध पाणी घालणे, टोकांवर धरलेली हिरवट बुरशी कढत पाण्याने धुऊन वर व्हॅसलिनचा लेप देणे, आणि शेवटी मीटर लावून सहाच्या किंचित वर काटा गेला की हात जोडणे. (व्हॅसलिन वच्छलाचे असते. त्यावरून “माह्या दवाईच्या गोया सरल्या हे तुमाले मालूम नाई, बॅटरीतलं पानी बराबर मालूम” असे एक वाक्य मला दर सोमवारी ऐकावे लागते. तेही मी त्या विधीचाच भाग मानतो.) वलगाव रस्त्यावरचे ताहेरभाई, जे वाहनांच्या विजेची कामे करतात आणि कामापेक्षा अधिक बोलतात, ते प्रत्येक भेटीत मला धर्मांतराचा आग्रह करतात. “साहेब, बारा व्होल्ट करून टाका ना या गाडीले. सहा व्होल्टावर तं आता पोट्ट्याईचं खेळनं बी चालत नाई.” मी त्यांना एकच उत्तर देतो, की व्होल्ट हे संख्येने मोजायचे नसून चारित्र्याने मोजायचे असतात. ते यावर मान हलवतात आणि पुढचे गिऱ्हाईक घेतात.

तर अशी ही साध्वी. त्या विवाहाची दुपार वगळता, तीर्थरूपांच्या काळापासून आजतागायत भर रस्त्यात एकदाही थांबलेली नाही, हे मी प्रतिज्ञेवर सांगतो. विवाहाच्या दिवशी अमरावतीहून अकोल्यास आली ती गाणे म्हणत आली. आणि तेथे आपण तिचे काय केले? मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत नवरदेवाचा परण्या काढायचा, त्यासाठी चि. विपुलला तिच्यात बसवले. येथवर योग्य. परंतु परण्या म्हणजे काय हे सौदामिनीस कोणी सांगितले होते? हिच्या अंगी जो डायनॅमो आहे, तो इंजिन वेगाने फिरेल तेव्हाच वीज उत्पन्न करतो. मंद फिरेल तेव्हा स्वस्थ बसतो आणि सारा खर्च बॅटरीच्या माथी पडतो. आपली मिरवणूक तर विजेच्या दोन खांबांमधल्या अंतरात तीन गाणी पूर्ण करीत होती! समोर विपुलची मित्रमंडळी रस्त्यावर लोळून नागीण होत होती. मागे आपल्या भावकीतील ज्येष्ठ मंडळी, ज्यांना एरवी उठताना दोघांचा आधार लागतो, ती हात वर करून नाचत होती. माझ्या डोळ्यांसमोर विद्युत्प्रवाह दाखवणारा काटा ऋणाच्या बाजूस झुकला, आणि मी खिडकीतून मस्तक बाहेर काढून “कृपया गती वाढवा, संचय क्षीण होत आहे” असे वारंवार निवेदन करीत राहिलो. उत्तरादाखल एका तरुणाने माझ्या तोंडात पेढा कोंबला.

एवढ्याने भागले नाही. “जवाईबापू, लाइट लावा, फोटोत अंधार येऊन राह्यला,” अशी आज्ञा आपणच केली. (दुपार होती, महादेवराव! वऱ्हाडातील वैशाखाची दुपार! त्या उन्हात अंधार शोधण्यास प्रतिभा लागते.) मी दिवे लावले, कारण वधूपित्याचा शब्द. मग सजावटवाल्याने टपावरच्या फुलांत चमचमणाऱ्या दिव्यांची माळ खोवून तिच्या तारा माझ्या बॅटरीस चिकटवल्या. आणि विपुल, ज्याला मी अभियंता म्हणून मान देत होतो, तो प्रत्येक गाण्याच्या ठेक्यावर भोंगा दाबत राहिला. भोंगा प्रथम गर्जला, मग बोलला, मग कण्हला, आणि मांडवाची कमान दिसू लागली तेव्हा त्याने बकरीच्या पिलासारखा एकच स्वर काढून मौन धरले. त्याबरोबर इंजिनही शांत झाले.

यावर उपाय होता. जुन्या गाडीस पुढून लोखंडी हँडल घालून फिरवता येते; बॅटरी मरणासन्न असली तरी ठिणगीपुरता प्राण तिच्यात असतो. परंतु ते हँडल आपण देवळापाशीच “नाचनाऱ्यायच्या टोंगळ्याले लागन” म्हणून, लोकांच्या गुडघ्यांची काळजी वाहत, काढून घेतले होते आणि कोठे ठेवले हे आपणांस आठवेना. (ते आपल्या गोठ्यात आहे आणि त्याने आपण फाटक अडवता, असे माझ्या कानी आले आहे. हे वाक्य पुन्हा वाचावे.) हँडल नाही, मुहूर्त जवळ, भटजी घड्याळ दाखवीत आहेत, अशा समयी आपण स्वतःचा ट्रॅक्टर आणवून त्याची बारा व्होल्टांची बॅटरी माझ्या सहा व्होल्टांच्या बॅटरीस जोडण्यास धावलात. मी दोन्ही बाहू पसरून ओरडलो, “थांबा! हिचे धनाग्र भूसंलग्न आहे!” याहून स्पष्ट इशारा कोणत्या भाषेत देता येतो? आपण मजकडे पाहिलेत, “भूक लागली असन, यायले पंगतीत बसवा,” असे कोणास तरी सांगितलेत, आणि तारा उलट्या जोडल्यात. पुढचा धूर सर्वांनी पाहिला. काही पाहुण्यांनी तो सजावटीचा भाग समजून टाळ्या वाजवल्या.

आणि मग विपुलला ट्रॅक्टरवर बसवून आपण मांडवात आणलेत, त्या चित्रफितीचे जिल्हाभर कौतुक झाले, “नवरदेव असावा तर असा” म्हणून! ट्रॅक्टरचा जयजयकार, आणि जिने आपल्या हौसेपायी देह जाळला ती भंगार! भर मांडवात आपण म्हणालात, “शालिकरामा, नेऊन टाक हे डबडं तुह्या ढाब्यावर.” मी त्या क्षणी जिलेबीचे ताट बाजूस सारले. (नंतर घेतले, अन्नावर राग काढू नये.)

ताहेरभाईंनी तिच्या साऱ्या तारा नव्याने घातल्या आहेत, बॅटरी पुन्हा भरली आहे, आणि प्रत्येक जोड मी स्वतः घासून लखलखीत केला आहे. सौदामिनी आज अशी आहे की तिच्यापुढे आपल्या ट्रॅक्टरने मान खाली घालावी. म्हणून मी ठरवले, की वाद घालण्याऐवजी प्रत्यक्ष प्रमाण द्यावे. आज दुपारी पंगत बसण्यापूर्वी आपल्या अंगणात तिचा भोंगा वाजेल, तिच्यातून मी व वच्छला उतरू, आणि शालिकरामाच्या समक्ष आपण आपला ठराव मागे घ्याल. जी स्वतःच्या सामर्थ्याने दोन नगरे ओलांडून येते, तिला चबुतरा दाखवण्याचे धारिष्ट्य कोण करतो ते मी पाहणार आहे.

आपला मानी व अढळ,
त्र्यंबक

ता. क. वरील मजकूर, आज वाचला जावा अशा बेताने, काल अमरावतीस लिहून ठेवला होता. वरचा मुक्काम, आजचा वार आणि गौण कारणाचा कंस तेवढे आता लिहिले. त्यातील एकही अक्षर मी मागे घेत नाही.

ता. क. दुसरा. सौदामिनी आज सकाळी अमरावतीहून निघाली आणि अत्युत्तम धावली. मूर्तिजापूरच्या अलीकडे शालिकरामाचा ढाबा लागला, तेव्हा प्रतिपक्षास तिचे तेज दाखवावे या शुद्ध हेतूने मी गाडी थांबवली, इंजिन बंद केले आणि दोन्ही दिवे लावून त्यास समोर उभे केले. नंतर वीजयंत्रणेची प्रतिष्ठा या विषयावर मी काही विचार मांडले. त्याने मध्ये चहा दिला. विचार पुढे चालू राहिले. ते संपले तेव्हा दिव्यांचा वर्ण ताज्या संत्र्याहून निस्तेज संत्र्याकडे झुकला होता. स्टार्टर आता केवळ सुस्कारा टाकतो. ढकलून पाहावी म्हटले, तर शालिकराम म्हणतो, “राहू द्या ना सायेब, बराबर जागेवर उभी हाय,” आणि त्याने आपल्या पोरांना हात लावण्यास मनाई केली आहे. तो टपावर एक माळही टाकून गेला आहे. भ्रमणध्वनी मृत आहे (सहा व्होल्टांवर चार्जर चालत नाही, हे ते गौण कारण). वच्छलाचा घरी राहिला. शालिकरामाने स्वतःचा दूरध्वनी, स्वतःचा चार्जर आणि अकोल्यापर्यंत स्वतःची जीप देऊ केली. मी तिन्ही तत्त्वतः नाकारली. वरूडहून संत्री घेऊन अकोल्यास निघालेले ट्रकचालक परवेज यांजबरोबर हे पत्र पाठवीत आहे. बॅटरीत ठिणगीपुरती धुगधुगी आहे. सबब, गोठ्याच्या फाटकाचे ते हँडल घेऊन तत्काळ निघावे. ट्रॅक्टर आणू नये. आणल्यास त्याची बॅटरी घरी ठेवून आणावा.

ता. क. तिसरा (हे मी लिहीत नाही, कागद माझ्या हातून ओढून घेण्यात आला आहे) :

दादा, मी वच्छला. आजतागायत थांबली नाई म्हन्तेत, ते खोटं हाय. माह्या पाठवनीले हे गाडी आपल्या येशीतच बंद पडली होती, तुमीच लोटत लोटत सडकीवर आनली, आन मंग मले पाहून रडले. मी आता त्याच सीटवर बसून हावो. शालिकरामभाऊ इंचपट्टी घेऊन इंजिनाचं माप घेऊन राह्यला, तं मले काई बरं वाटून नाई राह्यलं. गाडी विकाची नाई. मी म्हटलं होतं ते मी वापस घेतलं, तुमी बी घ्या. हँडल लवकर आनजा, सोबत भाकरी बांधून आनजा. आन त्याले ढाब्यावर काई तरी उभं कराचंच असन, तं यायले ठेव म्हना चबुतऱ्यावर. दिवसभर बोलतीन. यायले बॅटरी लागत नाई.