फरक शून्य

सोमवार, ३

आलो एकदाचे. क्वार्टर दोन खोल्यांचं, पण खिडक्या मोठ्या आणि नळाला दिवसभर पाणी. चिऊने दहा मिनिटांत जागावाटप करून टाकलं. खिडकी तिची, ओटा माझा आणि दाराबाहेरची पायरी बाबाची. तो शनिवार-रविवारच येणार, त्याला तेवढी पुरे, असं तिचं म्हणणं. वय वर्षं सहा, पण न्यायनिवाडा चोख.

हवेत गोडसर वास आहे, फार पिकलेल्या फळासारखा. शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, कसला वास?

मंगळवार, ४

काम आवडलं. वसाहतीखाली कारखान्याची पोलादी टाकी पुरलेली आहे, रसायनाने भरलेली. मातीत पोलाद गंजतं. ते गंजू नये म्हणून टाकीला सतत थोडी वीज देतात. ती पुरते आहे का, हे मी रोज मोजायचं. व्होल्टमीटरची एक तार टाकीला, दुसरी संदर्भ इलेक्ट्रोडला. म्हणजे एक नळी, आत तांब्याची कांडी, भोवती मोरचुदाचं निळं पाणी, तळाशी न विरघळलेले खडे. नळीच्या बुडाला झिरपणारं लाकडी बूच असतं, ते ओल्या मातीवर टेकवायचं. आकडा उणे आठशे पन्नास मिलिव्होल्ट किंवा त्याहून खाली गेला की टाकी सुरक्षित. नुसत्या टाकीचा आकडा असा नसतोच. तो कशाच्या तरी तुलनेतच निघतो, म्हणून ते जे काही आहे ते हलता कामा नये.

प्रयोगशाळेत न हलणारे ते म्हणजे आजोबा. कपाटात, काचेच्या बरणीत उभा असलेला सगळ्यांत जुना इलेक्ट्रोड. रोज सकाळी आमची नळी त्याच बरणीत, त्यांच्या शेजारी बुडवायची. दोघांतला फरक शून्य आला पाहिजे. नाही आला तर चूक आपली. नोंदवहीतला जुना आकडा खोडायचा, आजोबांशी जुळणारा लिहायचा. इथले जुने तंत्रज्ञ, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांनी ओळख करून दिली. म्हणाले, वयाने मोठे आहेत, उलट बोलायचं नाही. मग स्वतःच इतके हसले की चष्मा नाकावरून घसरला.

शुक्रवार, ७

आजोबांची कांडी शेवटची कधी घासली, पाणी कधी बदललं, असं विचारलं. काका म्हणाले, कधीच नाही. उघडले की ते आजोबा राहणार कुठे? प्रयोगशाळेच्या साहेबांनाही विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, की त्यांना तपासणार कशाशी? उत्तर जेवताना सुचलं: नव्याशी.

वास आता येत नाही.

शनिवार, ८

नवा इलेक्ट्रोड बनवला. तांबं चकचकीत घासलं, ताजं मोरचूद, तळाशी खडे. आमच्या नेहमीच्या नळीने टाकीचा आकडा उणे आठशे सत्तर. नव्याने उणे सहाशे दहा. तीन वेळा मोजलं. सहाशे दहा खरं असेल तर टाकी गंजते आहे, आणि आम्ही तिच्यावर राहतो. नोंदवहीत सहाशे दहा लिहिलं. काका म्हणाले, सोमवारी बघू, तोवर ठेव बरणीत. ठेवला.

दुपारी नवरा आला. दारातच त्याने नाक दाबलं, गोड काय सडलंय म्हणाला. मला काही येईना. त्याने चिऊला उचललं आणि तसंच खाली ठेवलं. म्हणाला, पोर बर्फासारखी गार आहे, तुला कळलं कसं नाही? मी हात लावून पाहिला. मला नेहमीसारखी वाटली.

उद्या सकाळी डॉक्टरकडे नेणार आहे तो.

रविवार, ९

डॉक्टरकडे नेलं नाही. चिऊचा गाल धरून म्हणाला, बरी तर आहे. कालच्या वासाचं विचारलं. म्हणाला, कसला वास?

सोमवार, १०

बरणीतून नवा काढला. आजोबांशी फरक शून्य. टाकीवर टेकवला, उणे आठशे सत्तर. तांबं तसंच चकचकीत, खडे तसेच. दोन दिवस शेजारी राहिला, एवढंच. साहेब खुश झाले, म्हणाले, लागला वळणाला. त्यांच्यासमोर सहाशे दहा खोडायला लावलं. खोडलं.

बुधवार, १२

बाहेरच्या दुकानातून तापमापक आणला. चिऊ सदतीसऐवजी एकोणतीस अंश. विश्वास बसेना म्हणून स्वतःला लावला. एकोणतीस.

काकांना सांगितलं. म्हणाले, नवा आहे ना? रुळेल.

शुक्रवार, १४

दोघी सदतीस. रुळला.

चिऊ खेळत नाही. खिडकीत बसून असते. ओठांच्या कडा निळसर, मोरचुदाच्या पाण्यासारख्या. आरशात पाहिलं, माझ्याही.

शनिवार, १५

पिशवी भरली. वसाहतीच्या फाटकाबाहेर दहा पावलं गेलो आणि चिऊ किंचाळली, हवा भाजते म्हणाली. मलाही भाजली. मागे फिरलो.

नवरा आला. आता इथेच राहणार म्हणतो. पायरीवर बसला आहे. चिऊने दिलेल्या.

रविवार, १६

ताईला फोन केला. सांगितलं, ये. आत पाऊल टाकू नकोस. फाटकाबाहेरूनच चिऊला हात लाव. आणि गार लागली तर मी काय म्हणते ते ऐकू नकोस, तिला घेऊन जा. ताई आधी हसली, लहानपणापासूनची नाटकी तू, म्हणाली. मग म्हणाली, गुरुवारी येते.

मंगळवार, १८

मागची पानं वाचली. अक्षर माझं. चिऊ गार आहे असं लिहिलंय. हात लावला — नाही.

लिहून ठेवते: हातावर विश्वास ठेवू नकोस. पानांवर ठेव. पानं बरणीत नव्हती.

बुधवार, १९

काका घरी आले. रोजनिशी ओट्यावर उघडी होती. उभ्याउभ्या वाचली. म्हणाले, पोरी, इतका फरक बरा नाही. जाताना त्यांचं लाल पेन ठेवून गेले.

गुरुवारी ताई. गुरुवारी ताई. कशासाठी ते वर लिहिलंय —

गुरुवार, २०

ताई आली. आत यायला तयार नाही. का, ते सांगेना, तूच सांगितलंस म्हणते. नाकाला पदर. चिऊला उचलून फाटकापाशी नेलं. तिने गजांतून हात घातला आणि ओरडली. पोरगी श्वास घेत नाहीये म्हणाली. दे तिला, दे म्हणाली.

मी माझ्या छातीवर हात ठेवला. मग चिऊच्या.

फरक शून्य.

तसं ताईला सांगितलं. ती रडायला लागली. तिने चिऊचा हात धरून ओढलं. मी सोडलं नाही. मग तीच आत आली. हिसकावून घ्यायला —

काकांनी तिला घरात आणून खुर्ची दिली. नवऱ्याने दार लावलं. थोडा वेळ ओरडेल, म्हणाले काका. नवी आहे.

शुक्रवार, २१

ताई शांत. चिऊला मांडीवर घेऊन बसली आहे. बरी तर आहे म्हणते.

ही वही मात्र जुळत नाही. आठ तारखेचं 'गार' खोडलं. बारा तारखेचं 'एकोणतीस' खोडलं, वर सदतीस लिहिलं. सोळाची नोंद सगळीच चुकीची. कालचीही. आता पहिल्या पानापासून खोडत जाते, म्हणजे काही राहायला नको. सोमवार, तीन. हवेत गोडसर