चालवणाऱ्याचं वजन

रविवार, ता. १७

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. दाढ काढल्यावर तुला दोन दिवस बोलता येत नव्हतं आणि त्या दोन दिवसांत भावजी भरपूर बोलले म्हणतेस, म्हणजे सगळं वाईटच झालं असं नाही. आम्ही दोघं मजेत आहोत.

तू विचारलंस, गाडी घेऊन येणार होतात, त्याचं काय झालं? काही नाही गं. गाडीचं काम निघालं.

ही तीच, लाल, दोनच माणसं मावणारी. ‘निवृत्त माणसानं दारात झाडं लावावीत, हे काय भलतंच,’ असं तू म्हणाली होतीस ती. हिच्यात बसणं एकवेळ जमतं. उतरताना आधी एक पाय बाहेर येतो, मग देवाचं नाव, मग उरलेली मी. तर हिचे जुने शॉक, म्हणजे चाकांपाशी धक्के झेलणारे दांडे, निकामी झाले होते. ह्यांनी नवे मागवले. नव्यांची खुबी अशी, की स्प्रिंगखालची रिंग पान्ह्यानं फिरवली की गाडी हवी तेवढी वर किंवा खाली घेता येते. ज्या माणसानं जन्मभर जमिनी मोजल्या, त्याच्या हातात हे देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

चारही चाकांपाशी टेप लावून, पालथे पडून मोजणी सुरू झाली. पण रिकामी गाडी मोजून चालत नाही म्हणे. चालवणारा बसल्यावर ती जेवढी दबते, तेवढी दाबूनच माप घ्यायचं, नाहीतर एका अंगाला कलते. हे तर गाडीखाली. मग सीटवर कोण? तर जुन्या मासिकांचे गठ्ठे. ह्यांच्या वजनाइतके तोलून सीटवर रचले आणि वरून पट्टा बांधला. शेजारीण कुंपणावरून विचारते, “वहिनी, पाहुण्यांना उन्हात का बसवलंय?”

पहिल्या दिवशी घोळ झाला. जॅकवरून उतरवलेली गाडी अंग आखडून उभी राहते. थोडी पुढंमागं फिरवल्याशिवाय स्प्रिंगा खाली बसत नाहीत. ह्यांना हे पाठ होतं, पण त्या दिवशी लक्ष ठिकाणावर नव्हतं. गाडी उंच दिसली म्हणून रिंगा आणखी खाली घेतल्या. मग गाडी फिरवायला बाहेर काढली, आणि स्प्रिंगा नेमक्या फाटकात बसल्या. पुढची चाकं रस्त्यावर, मागची अंगणात आणि पोट फाटकाच्या चढावावर टेकलेलं. ना पुढं, ना मागं. पोस्टमन आला, त्यानं शिस्तीत पत्रं टपावर ठेवली आणि गेला. वरच्या मजल्यावरच्या बाईंना आत यायला वाट नव्हती, म्हणून त्या पिशव्या घेऊन बॉनेटवर टेकल्या आणि त्यांच्या सुनेबद्दल सगळं सांगून मोकळ्या झाल्या. शेवटी जॅक लावला, फळ्या सरकवल्या, तेव्हा कुठं सुटका झाली.

ताई, वर मी ‘गाडी बाहेर काढली’ असं लिहिलंय. कुणी काढली ते लिहिलं नाही. मी काढली.

आता तुझ्या भुवया वर गेल्या असतील, तर सांगूनच टाकते. मागच्या महिन्यात हे गाडी घेऊन गेले होते. चौकात वळताना उजवा पाय उचलेचना. पायाखाली पेडल आहे की नाही, तेच कळेना म्हणाले. गाडी दुभाजकावर चढली आणि बंद पडली. कुणाला लागलं नाही. डॉक्टर म्हणाले, पायाच्या शिरांचं दुखणं आहे, चालायला हरकत नाही, पण गाडी चालवणं बंद. तुला कळवलं नाही, कारण तू ‘मी म्हणत नव्हते?’ म्हणाली असतीस. आणि ते ह्यांच्या कानावर पडून त्यांना लागलं असतं.

शॉकची खोकी त्याआधीच आली होती. मला वाटलं, परत पाठवतील. पण हे गुपचूप कामाला लागले. फाटकातल्या तमाशानंतर माझा तोल गेला. “जी चालवायचीच नाही, तिची उंची कशाला मोजत बसता?” असं मी अंगणातच ओरडले. शेजारीण कुंपणावर होतीच. ह्यांनी पान्हा पुसून ठेवला आणि आत गेले. दोन दिवस आमच्यात ‘चहा ठेवू?’ आणि ‘ठेव’ एवढंच चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते, तर हे मागं येऊन उभे.

“अगं, तुझं वजन किती?”

ताई, बायकोशी अबोला सोडायची ही काय रीत झाली? मी आपला नेहमीचा आकडा सांगितला. म्हणजे तू आणि मी लग्नाकार्यात सांगतो तो.

खिडकीतून बघते, तर हे मासिकांचे गठ्ठे उतरवत होते. काही काढले, काही ठेवले, पुन्हा पट्टा बांधला. बराच वेळ रिंगा फिरवल्या, गाडी ढकलून पुढंमागं केली, पुन्हा मापं घेतली. मग मासिकं काढली आणि मला हाक मारली. “बस. त्या बाजूला नको, इकडे.”

इकडे म्हणजे स्टिअरिंगपाशी. ज्या सीटवर हात ठेवला तरी ‘अगं, डाग पडेल’ म्हणायचे, तिच्यावर. मी बसले. हे टेप घेऊन चाकापाशी वाकले, दुसऱ्या चाकापाशी गेले, पुन्हा पहिल्यापाशी आले.

“दोन मिलिमीटर खाली जातेय,” म्हणाले. “टेप खोटं बोलत नाही.”

“मग स्प्रिंग वाईट असेल.”

“स्प्रिंग नवी आहे.”

मी समोर बघत राहिले. हे खिडकीशी आले आणि अगदी हळू म्हणाले, “खरं सांग. कुणाला सांगणार नाही. मला फक्त गाडी सरळ बसवायचीय.”

कुंपणाकडे बघून घेतलं आणि त्यांच्या कानात सांगितलं. आकडा इथं लिहीत नाही, तुझं पत्र भावजी उघडतात.

हे हसले नाहीत. मान डोलावली आणि गाडीखाली गेले. मग मला रडू आलं, आणि हसूही. खालून आवाज आला, “हलू नकोस, माप चुकतंय!”

काल संध्याकाळी आम्ही निघालो. ह्यांनी गाडी चांगली दोन बोटं वर घेतली होती. आधीसारखी रुबाबदार दिसत नाही, पण फाटकातून अलगद उतरली. हे शेजारी बसले, पट्टा लावला, हात मांडीवर. कोपऱ्यावरच्या उंचवट्यावर मी घाबरून श्वास रोखला. काही घासलं नाही. पुढं नदीकाठच्या वळणावर गाडी अशी वळली, ताई, की मी नकळत ‘अरे वा!’ म्हणाले. बाजूला बघितलं. ह्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. तिकडेच बघत म्हणाले, “वळणात ब्रेक नको मारूस. वळणाआधी मार.” मी म्हटलं, “बरं.” परतताना म्हणाले, “ताईकडे कधी जायचं?”

तर येत्या शनिवारी आम्ही येतोय. जेवायला पोचू. चालवत मी असेन, तेव्हा दारात उभी राहून किंचाळू नकोस. आणि एक ऐक, मोठी आहेस म्हणून हक्कानं सांगते. ह्यांना ‘पाय कसा आहे’ म्हणून विचारू नकोस. रस्ता कसा होता, ते विचार. ते तासभर सांगतील. त्यांना सांगू दे.

तुझीच,
धाकटी